दुसऱ्या हातातलं रक्त

आमच्या मधलीला सगळे भिंगरी म्हणतात. हे नाव वडिलांनी ठेवलं, ती चालायला लागली तेव्हा, आणि ते तिला इतकं चिकटलं की लग्नात तिचं खरं नाव पुकारलं तेव्हा आमच्याच मावशीने "ही कोण?" असं विचारलं होतं. भिंगरी जेवताना दोनदा उठते. एकदा मीठ आणायला, आणि एकदा मीठ आधीच आणलेलं होतं म्हणून दुसरं परत ठेवायला. फोनवर बोलताना घरभर फिरते, आणि बोलणं संपेल तिथे जे हाताला लागेल ते पुसायला घेते. तिचा नवरा म्हणतो, "आमच्याकडे पंखा लावायची गरज नाही. ही आहे की!"

मी थोरली. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते. नोकरीने मला मोठा आवाज दिला आणि माणसं पारखायची खोड लावली. चढणारा माणूस दांडी कशी धरतो यावरून तो जवळ उतरणार की लांब जाणार ते मी ओळखायचे. भिंगरीबद्दल माझं ठाम मत होतं की ही पोरगी कुठल्याच नोकरीत टिकायची नाही. ते मत साफ आपटलं. मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या बायकांच्या दवाखान्यात ती प्रयोगशाळेच्या कामाला लागली आणि तिथेच राहिली. नवे डॉक्टर आले, जुने गेले, यंत्रं बदलली, भिंतींचे रंग बदलले. ही आहे तिथेच, आणि तिथल्या तिथे पळतेय.

गेल्या काही वर्षांत तिच्याकडे एक वेगळं काम आलं. काही बायकांचं गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं. औषधं दिली तरी वाढत नाही, आणि पातळ अस्तरावर गर्भ ठेवला तर तो रुजायची शक्यता कमी. अशा बाईचं स्वतःचंच रक्त घेतात. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. कुठे कापलं, खरचटलं की हेच पहिले धावत जातात, रक्त थांबवतात आणि तिथली दुरुस्ती सुरू करून देतात. ते कण रक्तातून वेगळे काढायचे, थोड्याशा प्लाझ्मात दाट गोळा करायचे आणि बारीक नळीने गर्भाशयात सोडायचे. दुरुस्ती करणारी माणसं थेट कामावर नेऊन सोडायची, असं मी समजते.

"आणि मग अस्तर वाढतं?" मी तिला एकदा विचारलं होतं.

"काहींचं वाढतं, काहींचं नाही," भिंगरी म्हणाली. ओट्यावरचं पाणी पुसता पुसता. "जादू नाही ती, ताई. अजून अभ्यास चालू आहे सगळ्यांचा. डॉक्टरीणबाई प्रत्येकीला आधीच सांगतात."

काम नाजूक. रक्ताच्या नळ्या यंत्रात समोरासमोर बसवायच्या, आधी हळू फिरवायच्या. लाल पेशी खाली जातात, पिवळा प्लाझ्मा वर राहतो. तो वरचा भाग अलगद ओढून दुसऱ्या नळीत घ्यायचा आणि पुन्हा फिरवायचा, या वेळी जोरात. मग कण तळाला बसतात. यंत्र आपलं आपण थांबेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. भिंगरीसारखीला हे कसं जमत असेल याचं मला कोडं होतं. "जमत कुठे?" ती म्हणायची. "तेवढ्यात खिडकी पुसून घेते."

नवी नर्स आली की भिंगरी तिला पहिल्याच दिवशी धारेवर धरायची, आणि धडा एकच. या कामाला जाड सुई. बारीक सुईतून रक्त रेंगाळत येतं. कण घासले जातात, नळीतल्या रक्त गोठू न देणाऱ्या औषधात नीट मिसळायच्या आतच एकमेकांना चिकटायला लागतात, आणि गाठ झाली की सगळंच मुसळ केरात. "दया घरी ठेवून यायची," ती म्हणायची. "एकदाच टोचायचं, धार आली पाहिजे, आणि नळी लगेच हलक्या हाताने वरखाली करायची." हे मी इतक्यांदा ऐकलंय की मीसुद्धा एखाद्या नर्सला शिकवीन.

आता धाकटी. ती आमच्यापेक्षा बरीच लहान. ती झाली तेव्हा आईने अंथरूण धरलं ते धरलंच, मी नोकरीला लागलेले, म्हणून शाळकरी भिंगरीनेच तिला कडेवर घेऊन वाढवलं. पोरगी कडेवर आणि ही घरभर पळतेय. धाकटीला लहानपणी गाडीत बसल्यावर झोप यायची नाही, भिंगरीच्या कडेवर यायची. मोठी झाल्यावर ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला लागली, आणि एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या शांत मुलाशी लग्न केलं. दोघांना मूल हवं होतं. झालं नाही. मग भिंगरीच्याच दवाखान्यात उपचार सुरू झाले आणि दोघांच्या नाकी नऊ आले. गर्भ तयार झाले, एकेक ठेवून पाहिले, एकही रुजला नाही. शेवटी एकच उरला, गोठवून ठेवलेला. तो ठेवण्यासाठी दोनदा तयारी केली, आणि दोन्ही वेळा अस्तर पातळ राहिलं म्हणून बेत रद्द झाला.

"या वेळी नाही झालं तर बस," धाकटी आम्हाला म्हणाली. पण म्हणताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि मला कळलं की ती थांबणार नाही. दुसरा दवाखाना शोधेल, तिसरा शोधेल. बसथांब्यावर अशी माणसं मी खूप पाहिलीत. पाय दुखतात, अंधारून येतं, पण आपण निघालो आणि लगेच गाडी आली तर, म्हणून निघवत नाही. मूल होईल की नाही याची नाही, मला तिचीच काळजी जास्त होती.

डॉक्टरीणबाईंनी प्लेटलेटचा उपाय सुचवला. आत्तापर्यंत धाकटीच्या नमुन्यांना भिंगरी हात लावत नसे. घरच्या माणसाचं काम घरच्याने करू नये, असा तिचा तिनेच घालून घेतलेला दंडक होता. या वेळी धाकटी हटून बसली. "भिंगूताईच घेणार रक्त. नाहीतर मी येत नाही."

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला विचारलं, "जमेल का तुम्हाला?"

"जमेल," भिंगरी म्हणाली, प्रश्न पुरता व्हायच्या आत.

त्या दिवशी मी सोबतीला गेले. धाकटीचा नवरा कुठल्याशा इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवायला गेला होता, नंतर येणार होता. बाहेर एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या, त्यांवर बायका, प्रत्येकीच्या हातात फोन आणि एकीचंही फोनकडे लक्ष नाही. दार उघडलं की सगळ्यांच्या माना एकदम वळायच्या. रक्त घ्यायची खोली आत होती, आणि तिच्यापलीकडे काचेची भिंत, त्यामागे भिंगरीची प्रयोगशाळा.

धाकटीला सुईची लहानपणापासून भीती. इतकी इंजेक्शनं झाली तरी भीती मेली नव्हती. हाताच्या आतली बाजू जुन्या टोचण्यांनी निळीपिवळी झालेली. तिने तोंड माझ्या पोटात खुपसलं आणि हात पुढे केला. भिंगरीने दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, खण उघडला. खणाशी ती थोडी घुटमळली, एवढं मी पाहिलं. मग सुई आत गेली, आणि धाकटीने डोळे उघडले.

"अगं, कळलंच नाही!"

भिंगरी हसली. तिने धाकटीच्या गालावर थोपटलं, केस मागे सारले. नळीत रक्त येत होतं, थेंब थेंब, सावकाश. मला बहिणीचा इतका अभिमान वाटला की मी मोठ्याने म्हणाले, "हात काय हलका आहे गं तुझा!" ज्या हलकेपणाची मी वाहवा करत होते, तीच चूक होती.

भिंगरी नळ्या घेऊन पलीकडे गेली. आम्ही इकडे बसलो. धाकटी पाय हलवत होती, पलंगाच्या कडेवर टाचा आपटत होत्या.

"ताई, होईल ना गं?"

"होणारच," मी म्हणाले. भरलेल्या गाडीच्या दारात उभं राहून मी उतारूंना सांगत आले, मागची गाडी रिकामी येतेय म्हणून. तोच आवाज लागला माझा.

काचेपलीकडे यंत्र फिरत होतं, आणि भिंगरी नेहमीसारखी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती, काहीतरी पुसत होती, काहीतरी सरळ करत होती. यंत्र थांबलं. तिने एक नळी काढून दिव्यासमोर धरली. आणि तशीच उभी राहिली. हात वर, नळी बोटांत, जराही हालचाल नाही. भिंगरीला मी तापात पाहिलंय, बाळंतपणात पाहिलंय, आई गेली तेव्हा पाहिलंय. अशी गप्प उभी मी तिला कधी पाहिली नव्हती.

दारावर 'आत येऊ नये' असं लिहिलं होतं. मी आत गेले.

"गाठ झाली," ती म्हणाली. नळीत खालचं लाल घट्ट होऊन थुलथुलत होतं आणि पिवळ्यात दोऱ्यासारखं काहीतरी तरंगत होतं. "दोन्ही नळ्यांत. ताई, मी बारीक सुई घेतली. लहान मुलांची असते ती. खण उघडला आणि जाडीला हातच जाईना माझा."

"वर पिवळं आहे की. ते नाही चालत?"

"त्यात कण नाहीत. सगळे गाठीत अडकले. नुसतं पाणी समज."

मी आवाज खाली आणला, जो मला फारसा येत नाही. "सोडलं तर काही अपाय होईल?"

"अपाय नाही."

"कुणाला कळेल?"

"कुणालाच नाही."

"मग दे ना पुढे!" मी म्हणाले. "पोरगी पलीकडे घाबरून बसलीय. पुन्हा टोचायचं म्हटलंस तर उठून घरी जाईल. तुम्हीच म्हणता ना, काहींना उपयोग होतो, काहींना नाही? हिला नाही झाला, असं समजू. तिच्या मनाचं तरी समाधान होईल."

भिंगरीने नळी स्टँडमध्ये ठेवली. हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले. नळापासून टेबलापर्यंत गेली, परत आली. तेवढ्यात भिंतीवरच्या फोनमधून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "तयार आहे का?"

मी भिंगरीकडे पाहून मान हलवली. म्हण, हो म्हण.

तिने बटण दाबलं. "नाही. खराब झालं. माझ्याकडून झालं. पुन्हा घ्यावं लागेल."

मला असा संताप आला! माझं घोडं नेहमी इथेच अडतं. माणूस समोर रडवेला बसलेला असताना खऱ्याची इतकी घाई कसली, हे मला समजत नाही. मी तिला तिथल्या तिथे नाही नाही ते बोलले. तिने एकही शब्द अंगाला लावून घेतला नाही, ती सरळ धाकटीसमोर जाऊन उभी राहिली.

"रक्त गोठलं. तुला दुखू नये म्हणून मी चुकीची सुई घेतली. आता जाड सुई लागेल, आणि दुखेल. माझ्याकडून नको असेल तर दुसरी कुणी घेईल."

धाकटीला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तिचा चेहरा लालबुंद झाला.

"म्हणजे बाहेरच्या बायकांचं तू नीट करतेस. आणि माझंच वाया घालवलंस?"

"हो."

"मला इथे आई नकोय, भिंगूताई!" ती इतक्या जोरात ओरडली की बाहेरच्या खुर्च्यांवरच्या माना दाराकडे वळल्या. "लाड करायला घर आहे. इथे मला काम येणारी बाई हवी आहे. म्हणून तुला मागितलं ना मी!"

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी भरलं, पण ती हलली नाही. मी मधे पडणार होते, पण तेवढ्यात धाकटीने दुसऱ्या हाताची बाही वर केली, दंडापर्यंत, आणि हात पुढे धरला.

"घे. यातून घे."

या वेळी जाड सुई. धाकटी किंचाळली आणि माझ्या दंडाला तिची नखं रुतली. धार आली. भिंगरीने गालाला हात लावला नाही, केस मागे सारले नाहीत, एक अक्षर बोलली नाही. नळी भरली तशी हलक्या हाताने वरखाली केली, दुसरी लावली, ती भरली, सुई काढली, कापूस दाबायला माझ्याकडे दिला आणि गेली. मी काचेतून बघत राहिले. यंत्र फिरत होतं, थांबलं, पुन्हा फिरलं. खिडकी मात्र कुणी पुसली नाही. ती नळी दिव्यासमोर धरून आली तेव्हा तळाला फिकट ठिपका बसला होता. पुढचं काम डॉक्टरीणबाईंनी केलं, ते चहा निवायच्या आत संपलं. धाकटीला ते दुखलंही नाही.

त्यानंतर सोनोग्राफी झाली. अस्तर वाढलं होतं, पण पुरेसं नाही. पुन्हा एकदा तेच केलं. जाड सुई, धार, यंत्र, नळी. पुन्हा सोनोग्राफी. सात मिलिमीटर, जेमतेम.

"ठेवता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थांबायचं असेल तर थांबू. दोन्ही रस्ते चुकीचे नाहीत."

धाकटीने भिंगरीकडे पाहिलं. "तू सांगशील ते."

"मला माहीत नाही," भिंगरी म्हणाली. "खरंच माहीत नाही. वाढेल अजून, नाहीतर उतरेलही."

नवऱ्याने धाकटीचा हात धरला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तो म्हणाला, "ठेवू या."

गर्भ ठेवला, आणि आमचे वाट बघण्याचे दिवस सुरू झाले. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. धाकटी दुकानात जाऊन काचा घासायची, कारण घरात बसली की तिला अंगात काय काय झाल्यासारखं वाटायचं. तिचा नवरा, दिवसभर लोकांना वर पोहोचवणारा माणूस, स्वतःच्या घराचा जिना मजल्यामजल्यावर थांबत चढायचा. वर काय बातमी असेल या भीतीने. भिंगरी कामावरून सुटली की माझ्याकडे यायची. तिने माझं कपाट लावलं. दुसऱ्या दिवशी तेच कपाट काढून पुन्हा लावलं. माझ्या चमच्यांना इतकी चकाकी आली की मला लाज वाटायला लागली. "बस की बाई एका जागी!" मी वसकन ओरडायचे, आणि मग स्वतः उठून खिडकीपाशी जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे.

तपासणीच्या दिवशी धाकटीचं रक्त दुसऱ्या मुलीने घेतलं. निकाल मात्र भिंगरीच्याच खोलीतल्या यंत्रावर आला. ती तिथून निघाली ती थेट माझ्या दारात. पायातल्या चपला दवाखान्यातल्याच होत्या.

"नाही राहिलं, ताई," ती म्हणाली. "तू सांग तिला. माझ्याच्याने होणार नाही."

"मी? मी कुठल्या तोंडाने सांगू? होणारच, असं म्हणून बसलेय मी."

शेवटी दोघीही गेलो. धाकटी इस्त्री करत होती. दार नवऱ्याने उघडलं. तिने आमच्याकडे पाहिलं, इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, वायर गुंडाळली. हे सगळं अगदी नीट केलं.

"नाही ना?"

"नाही," भिंगरी म्हणाली.

तो बिचारा भिंतीला टेकला. धाकटी रडली नाही. तिने समोरचा अर्धवट इस्त्रीचा शर्ट उचलला, घडी घातली, मोडली.

"मला एकच सांग," ती म्हणाली. "त्या नळ्या. नंतरच्या. नीट झालं होतं ना सगळं?"

"हो."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. कण भरपूर आले होते, मी स्वतः तपासले होते. कुठेच काही चुकलं नव्हतं. जे करायचं असतं ते सगळं झालं होतं तुझ्यासाठी." भिंगरी तिच्या डोळ्यांत बघून बोलत होती.

धाकटीने तिचं ऐकलं, आणि तिला ते पटलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कपाळावरची एकेक आठी सुटताना. मी सांगितलं असतं तर तिने मान हलवली असती आणि उद्या दुसरा दवाखाना शोधला असता. पण जिने समोर येऊन 'माझ्याकडून खराब झालं' म्हटलं होतं, ती आज 'नीट झालं' म्हणत होती. त्या दिवशी ते पिवळं पाणी पुढे गेलं असतं, तर भिंगरीला आज हे म्हणता आलं नसतं. आणि म्हटलं असतं, तर ते तिच्या घशात अडकलं असतं, आणि धाकटीला तो अडकलेला घास दिसला असता. तिला भिंगरीचं सगळं दिसतं. कडेवर वाढलेली पोरगी आहे ती.

"म्हणजे सगळं नीट करूनही नाही झालं," धाकटी म्हणाली. शर्ट तिच्या हातात तसाच होता. तिने भिंगरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग नवऱ्याकडे. "मग आता मी थांबले तर चालेल ना?"

भिंगरीने तिच्या हातातून तो शर्ट काढून घेतला. नवऱ्याने होकाराची मान हलवली. मग मीच म्हणाले, "चालेल गं. चालेल." माझा आवाज त्या खोलीला फार मोठा होता, पण मला दुसरा येत नाही.

तेव्हा कुठे ती रडली, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी. आम्ही दोघी बहिणींनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं, आणि कितीतरी वेळ कुणीही तिला उगी म्हटलं नाही.